वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधली तात्पुरती नोकरी, पगाराच्या अटी आणि कराचा परतावा

ब्रिटनमध्ये शिकायला, दोन वर्षांच्या यंग प्रोफेशनल्स व्हिसावर किंवा काही महिन्यांच्या कामासाठी गेलेल्या वाचकांची पत्रं आमच्याकडे बरीच साठली होती. त्यांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या करवर्षाचे आणि इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमध्ये आयकराचे टप्पे निराळे असतात आणि टॅक्स कोडच्या, म्हणजे पगारातला किती भाग करमुक्त धरायचा हे मालकाला सांगणाऱ्या कोडच्या, आधी एस हे अक्षर येतं.

प्रश्न : मला वेअरहाउसमधल्या कामाचं पत्र आलं आहे. ताशी १३.५० पौंड, त्यात ‘हॉलिडे पे इन्क्लुडेड’. झिरो अवर्स करार. राहायची सोय कंपनीची, त्याचे आठवड्याला १२० पौंड कापणार. पगार साप्ताहिक, पण ‘एक आठवडा हातचा’. एप्रिल अखेरीस रुजू व्हायचं आहे. सही करावी का? — एक वाचक, कॉव्हेंट्री

उत्तर : आहे तसं पत्र असेल तर करू नका. ताशी दर आणि घराची कपात, दोन्ही तुमच्या विरुद्ध जातात.

आधी दर बघा. ब्रिटनमध्ये प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. ज्यांचे तास ठरलेले नसतात त्यांना ही रजा प्रत्यक्ष रजा म्हणून न देता दर पगारात १२.०७ टक्के जोडून देण्याची मुभा मालकाला आहे. हा आकडा ५.६ भागिले ४६.४ यातून येतो, कारण ५२ आठवड्यांतून रजेचे आठवडे वगळले की कामाचे ४६.४ उरतात. अट एवढीच, की ही रक्कम पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे आणि ती मूळ दराच्या वर असली पाहिजे. तुमचे १३.५० ला १.१२०७ ने भागा. मूळ दर निघतो १२.०५ पौंड. २१ वर्षं आणि त्यापुढच्या कामगारासाठी किमान वेतन एप्रिल २०२५ पासून १२.२१ आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ पौंड आहे. म्हणजे हा दर जुन्या आणि नव्या, दोन्ही पातळ्यांच्या खाली आहे. १२.७१ मूळ धरला तर रजेसकट दर १४.२५ च्या आसपास हवा.

आता घर. मालकाने राहायची सोय दिली तर किमान वेतनाच्या हिशेबात त्याला दिवसाला ठराविक रकमेपर्यंतच सूट मिळते. एप्रिल २०२६ पासून ती ११.१० पौंड, म्हणजे आठवड्याला ७७.७० आहे. त्यावर घेतलेली प्रत्येक पेनी तुमच्या पगारातून वजा झाली असं धरून किमान वेतन मोजतात. तुमच्याकडून १२० घेणार, म्हणजे ४२.३० जास्त. समजा दर सुधारून बरोबर १२.७१ केला आणि तुम्ही ४० तास काम केलं, तर पगार ५०८.४० होतो. त्यातून ४२.३० गेले की ४६६.१०, म्हणजे ताशी ११.६५ पौंड. दर कागदावर बरोबर असूनही किमान वेतन मोडलं. बहुतेकांचं लक्ष ताशी दरावर असतं आणि नुकसान या घराच्या ओळीतून होतं.

झिरो अवर्स याचा अर्थ मालक तुम्हाला एकाही तासाची हमी देत नाही. घरभाडं मात्र काम नसलेल्या आठवड्यातही कापलं जाऊ शकतं. म्हणून दोन गोष्टी लेखी विचारा : याच कामावर गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला सरासरी किती तास मिळाले, आणि काम नसेल त्या आठवड्यात भाडं कसं घेणार. ‘हातचा आठवडा’ हा काही गैरप्रकार नाही. पहिल्या आठवड्याचा पगार दुसऱ्याच्या शेवटी मिळतो आणि नोकरी सोडताना एक आठवड्याची बाकी येते. फक्त पहिल्या पंधरवड्याच्या खर्चाची तजवीज सोबत ठेवावी लागते.

कामाच्या अटींचं लेखी पत्रक पहिल्या दिवसापर्यंत मिळणं हा एप्रिल २०२० पासून तुमचा हक्क आहे. त्यात पगार, तास, रजा, नोटीस आणि कपाती हव्यात. नोकरी मिळवून देण्यासाठी ब्रिटनमधली एजन्सी कामगाराकडून फी मागत असेल तर तेही बेकायदा आहे, मग त्याला नोंदणी म्हणोत की प्रक्रिया शुल्क. या सगळ्याबाबत अ‍ॅकॅस ही सरकारी अनुदानावर चालणारी संस्था दूरध्वनीवर मोफत सल्ला देते.

प्रश्न : एजन्सीने आठवड्याला १,००० पौंड सांगितले होते. पगारपत्रकावर ग्रॉसच ८५७ दिसतो आणि हातात ६८५ पडतात. कोणी फसवलं का? — एक वाचक, स्लाउ

उत्तर : तुम्ही अंब्रेला कंपनीमार्फत काम करत आहात, आणि १,००० हा तुमचा पगार कधीच नव्हता. तो असाइनमेंट रेट आहे, म्हणजे एजन्सी त्या कंपनीला देते ती रक्कम. तुमची नोकरी कायद्याने अंब्रेला कंपनीकडे असल्यामुळे मालकाने भरायचे कर ती याच रकमेतून काढते.

तुमच्या आकड्यांवर हिशेब मांडू. १,००० मधून कंपनीचं शुल्क २५ धरलं तर ९७५ उरतात. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेंसाठीची सक्तीची वर्गणी) आठवड्याला ९६ पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के, शिवाय अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठी मालकावरचा कर) पूर्ण पगारावर अर्धा टक्का. हे भागवून ग्रॉस ८५६.६० येतो : ११४.१० इन्शुरन्स, ४.३० लेव्ही, २५ शुल्क आणि ८५६.६० पगार, बेरीज १,०००. मग तुमचा स्वतःचा कर. आठवड्याला २४२ पौंड करमुक्त, उरलेल्यावर २० टक्के आयकर १२२.९० आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स ४९.२०. हातात ६८४.५०. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर लागतो.

तरी तीन जागा तपासा. मालकाचा इन्शुरन्स ग्रॉसच्या वरच वजा झाला पाहिजे. ग्रॉसच्या खाली, तुमच्या कपातींत तो पुन्हा दिसला तर ते बेकायदा आहे. दुसरं, त्या ८५६.६० मध्ये रजेचे पैसे आहेत का? असतील तर ७६४.३० पगार आणि ९२.३० रजा अशा दोन ओळी हव्यात. काही कंपन्या रजेचे पैसे बाजूला साठवतात आणि रजा मागितली तरच देतात, वर्ष संपलं की ते बुडतात. तुमची साठवणूक होत असेल तर मागून घ्या. तिसरं, एप्रिल २०२० पासून एजन्सीने करार होण्याआधी तुम्हाला ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ नावाचं दोन पानांपर्यंतचं पत्रक द्यायचं असतं. त्यात हाच हिशेब नमुन्यादाखल मांडलेला असतो. ते मिळालं नसेल तर लेखी मागा.

पगाराच्या ८०-८५ टक्के हातात देऊ, असं सांगणाऱ्या अंब्रेला कंपनीपासून लांब राहा. तिथे थोडा भाग पगार म्हणून आणि बाकीचा ‘कर्ज’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून देतात, त्यावर कर भरत नाहीत. पुढे कर खातं वसुली करतं ती तुमच्याकडूनही. ६ एप्रिल २०२६ पासून अंब्रेला कंपनीने बुडवलेल्या कराची जबाबदारी एजन्सीवरही आली आहे, त्यामुळे बऱ्या एजन्सी आता अशा कंपन्यांशी काम करायला कचरतात.

प्रश्न : मी एमएससी करते आणि आठवड्याला २० तास दुकानात काम करते. महिन्याला १,०८३ पौंड मिळतात, त्यातले जवळजवळ २१७ आयकरात जातात. माझ्या मैत्रिणीला त्याच पगारावर एक पौंडही कर नाही. पगारपत्रकावर टॅक्स कोड बीआर आहे. — एक विद्यार्थिनी, लेस्टर

उत्तर : तुमची मैत्रीण बरोबर आहे आणि तुमचा कोड चुकला आहे. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत उत्पन्न करमुक्त असतं, म्हणजे महिन्याला १,०४७.५०. ही मर्यादा पुढची काही वर्षं तशीच गोठवलेली आहे. नेहमीचा कोड १२५७एल हा याच आकड्याचा शेवटचा शून्य काढून बनतो. बीआर म्हणजे बेसिक रेट : करमुक्त भाग शून्य आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के.

हे कसं झालं असेल? नव्या नोकरीत आधीचा पी४५ (नोकरी सोडताना मालक देतो ते पगार आणि कराचं पत्रक) नसेल तर मालक ‘स्टार्टर चेकलिस्ट’ नावाचा फॉर्म भरून घेतो. त्यात ए, बी, सी अशी तीन विधानं असतात आणि त्यातलं एक निवडायचं असतं. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी. त्यावर १२५७एल लागतो आणि वर्षातल्या मागच्या महिन्यांची न वापरलेली सवलतही मिळते. बी म्हणजे आता ही एकच नोकरी आहे, पण ६ एप्रिलनंतर दुसरी होऊन गेली. त्यावर १२५७एल लागतो पण पुढे एम१ किंवा डब्ल्यू१ येतं, म्हणजे प्रत्येक महिना किंवा आठवडा सुटा मोजला जातो. सी म्हणजे दुसरी नोकरी किंवा पेन्शन अजून चालू आहे. सी वर खूण केली की थेट बीआर. बरेच विद्यार्थी ‘भारतात आधी नोकरी केली होती’ म्हणून बी किंवा सी वर खूण करतात. या फॉर्ममधला प्रश्न ब्रिटनमधल्या नोकरीचा असतो. फॉर्म दिलाच नाही तर ०टी कोड लागतो आणि तिथेही करमुक्त भाग मिळत नाही. त्याच फॉर्मवर स्टुडंट लोनचा प्रश्न असतो, तो ब्रिटिश सरकारी कर्जाबद्दल आहे. भारतातलं शैक्षणिक कर्ज तिथे लिहिलं की पगारातून विनाकारण हप्ते जायला लागतात.

फरक किती पडतो ते बघा. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, एकूण ६,५०० पौंड. बीआर वर कर १,३०० पौंड. एम१ वर महिन्याला सात पौंडांच्या आसपास. ए विधानावर शून्य, कारण एप्रिल ते सप्टेंबरची सवलत आधीच साठलेली असते. उत्पन्न १२,५७० च्या आत असल्यामुळे तुमचा खरा कर शून्य आहे आणि कापलेला सगळा आयकर परत मिळायचा आहे.

दुरुस्ती वर्ष संपायच्या आत करणं सगळ्यांत सोपं. एचएमआरसी म्हणजे ब्रिटिश कर खात्याच्या पोर्टलवर स्वतःचं खातं उघडा आणि नोकरीची माहिती सुधारा, किंवा ०३०० २०० ३३०० वर फोन करून सांगा की ही एकमेव नोकरी आहे. कर खातं मालकाला नवा कोड कळवतं आणि जास्त गेलेला कर पुढच्याच पगारात मिळतो. मालक स्वतःहून कोड बदलू शकत नाही, त्यामुळे व्यवस्थापकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. ५ एप्रिल उलटला असेल तर कर खातं जूनपासून पुढच्या काही महिन्यांत पी८०० नावाचा हिशेब पाठवतं, त्यात परताव्याची रक्कम आणि मागण्याची रीत असते. नोकरी सुटून चार आठवडे झाले, लगेच दुसरी धरणार नसाल आणि देशातच राहणार असाल, तर वर्ष संपायची वाट न पाहता पी५० फॉर्मवर मागता येतं.

प्रश्न : दोन ठिकाणी अर्धवेळ काम केलं तर दोन्हीकडे सवलत का मिळत नाही? — एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : १२,५७० ची सवलत माणसाला एकदाच मिळते, म्हणून ती एका नोकरीला लावतात आणि दुसरीवर बीआर येतो. पहिल्या नोकरीचा पगार १,०४७.५० पेक्षा कमी असेल तर उरलेली सवलत वाया जाते. तेव्हा कर खात्याला सांगून ती दोन नोकऱ्यांत विभागून घ्या. नॅशनल इन्शुरन्सचं उलटं आहे. तो प्रत्येक नोकरीवर वेगळा मोजतात, त्यामुळे महिन्याला ९०० च्या दोन नोकऱ्या असतील तर दोन्हीकडे तो शून्य. विद्यार्थी व्हिसावर असाल तर पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्रात आठवड्याचे २० तास ही मर्यादा दोन्ही नोकऱ्या मिळून आहे. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात २४ आणि पुढच्या आठवड्यात १६ असं केलं तरी पहिला आठवडा उल्लंघनातच जातो, आणि तास पगाराच्या नोंदीत राहतात.

प्रश्न : मी दोन वर्षांच्या व्हिसावर होतो. महिना ३,००० पौंड पगार होता. ३१ ऑक्टोबर २०२५ ला नोकरी सोडून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो. कोड बरोबर १२५७एल होता. तरी काही परत मिळेल का, आणि कसं मागायचं? — एक वाचक

उत्तर : मिळेल, आणि चांगली रक्कम मिळेल. पगारावरचा कर वर्षाच्या सवलतीचे बारा भाग पाडून कापला जातो. तुम्ही सात महिन्यांचेच भाग वापरले. उरलेल्या पाच महिन्यांचे भाग तुमच्या नावावर पडून आहेत आणि ते कोणी आपण होऊन देत नाही.

आकडे असे. सात महिन्यांचा पगार २१,०००. सात महिन्यांची सवलत ७,३३२.५०. उरलेल्या १३,६६७.५० वर २० टक्के, म्हणजे कापलेला कर सुमारे २,७३३.५०. वर्षाचा खरा कर : २१,००० उणे १२,५७०, म्हणजे ८,४३० वर २० टक्के, १,६८६. फरक १,०४७.५० पौंड. चटकन अंदाज हवा असेल तर २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने उरलेल्या पूर्ण करमहिन्यांना २०९.५० ने गुणावं, मात्र परतावा कापलेल्या करापेक्षा जास्त होत नाही. म्हणून जूनमध्ये सोडणाऱ्याला मोठा परतावा मिळतो आणि मार्चमध्ये सोडणाऱ्याला जवळपास काहीच नाही.

यात रहिवासाची एक अट आहे. त्या करवर्षात ब्रिटनमध्ये १८३ किंवा जास्त दिवस राहिलात तर तुम्ही रहिवासी ठरता. ६ एप्रिल ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे २१० च्या आसपास दिवस, त्यामुळे तुमचं पक्कं आहे आणि वर्ष दुभंगून धरलं तरी सवलत पूर्ण मिळते. जूनमध्ये परतणाऱ्याचे दिवस कमी भरतात. त्याला घर, काम, कुटुंब आणि मागच्या वर्षांतला मुक्काम यांच्या कसोट्या लावून पाहाव्या लागतात. त्यात रहिवासी ठरला नाही तर पूर्ण सवलत आपोआप मिळेल असं त्याने धरू नये.

मागायची रीत. शेवटच्या पगारानंतर मालक पी४५ देतो. त्यात वर्षातला पगार, कापलेला कर आणि कोड असतो. पहिला भाग मालक कर खात्याला कळवतो, भाग १ए तुमच्या संग्रही राहतो आणि भाग २ व ३ पुढच्या कामासाठी असतात. देश सोडणाऱ्याने पी८५ फॉर्म भरायचा : निघाल्याची तारीख, ब्रिटनमध्ये यापुढे किती दिवस येणार, तिथलं उत्पन्न काही चालू राहणार का, पैसे कुठे हवेत. ऑनलाइन भरता येतो, टपालाने पाठवलात तर पी४५ चे भाग २ आणि ३ सोबत जोडायचे. जोडण्याआधी फोटो काढून ठेवा. तुम्ही दरवर्षी सेल्फ असेसमेंट विवरणपत्र भरत असाल तर पी८५ भरायचा नाही, विवरणपत्रालाच एसए१०९ ही रहिवासाची पानं जोडायची. ही पानं कर खात्याच्या मोफत ऑनलाइन सेवेत भरता येत नाहीत. विकतचं सॉफ्टवेअर किंवा कागद, आणि कागदाची मुदत ३१ ऑक्टोबर.

घोटाळे होतात ते साधारण ठरलेले. लोक निघण्याआधी बँक खातं बंद करतात आणि मग परतावा पौंडातल्या चेकने येतो, जो भारतात वटवायला आठवडे आणि शुल्क लागतं. ते खातं पैसे येईपर्यंत चालू ठेवा. चेक जुन्या भाड्याच्या घरी जातो, कारण पत्ता बदललेला नसतो. आणि तिसरा, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही : पी४५ निघाल्यानंतर मालकाने रजेचे किंवा जादा तासांचे पैसे दिले तर त्यावर ०टी कोडने सवलतीशिवाय कर कापला जातो आणि ती रक्कम पी४५ मध्ये नसते. त्याचं पगारपत्रक वेगळं जपा आणि पी८५ मध्ये ती रक्कम मिळवा, नाहीतर परतावा कमी येईल.

घाई नसली तरी हरकत नाही. करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मागता येतं. २०२२-२३ चा परतावा ५ एप्रिल २०२७ पर्यंत मागता येईल.

प्रश्न : नॅशनल इन्शुरन्समध्ये दीड हजार पौंड गेले आणि पेन्शनमध्येही काही. मी कायमची परतले. ते पैसे परत मिळतील? — एक वाचक

उत्तर : नॅशनल इन्शुरन्सचे मिळणार नाहीत. ही वर्गणी प्रत्येक पगाराच्या वेळी तेवढ्यापुरती मोजतात : महिन्याला १,०४८ ते ४,१८९ पौंडांच्या मधल्या भागावर ८ टक्के आणि त्यावर २ टक्के. वर्षअखेरीचा मेळ तिला नाही, म्हणून देश सोडला तरी परतावा नाही. चुकीने जास्त कापली असेल तरच मागता येते. सरकारी पेन्शनचा हक्क साधारणपणे किमान दहा पात्र वर्षांनंतर लागू होतो, त्यामुळे दोन वर्षांच्या कामातून सहसा काही पदरात पडत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण नोकरी स्वीकारतानाच हातातल्या पगाराच्या हिशेबात ही कपात खर्च म्हणून धरावी.

नोकरीच्या पेन्शनचं वेगळं आहे. वय २२ किंवा जास्त आणि पगार वर्षाला १०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल तर मालकाला तुम्हाला योजनेत घ्यावंच लागतं. वर्षाच्या ६,२४० ते ५०,२७० पौंडांच्या पट्ट्यावर एकूण किमान ८ टक्के भरले जातात, त्यातले किमान ३ मालकाचे. योजनेत घेतल्यापासून एक महिन्याच्या आत बाहेर पडलात तर तुमचे पैसे परत येतात. महिना उलटला की ते साधारणपणे वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत अडकतात, ६ एप्रिल २०२८ पासून ५७. ‘आता काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालांचं ऐकलं तर तुमच्यावर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो. तुमचा महिना कधीच उलटला असेल. तर योजनेच्या कंपनीला भारतातला पत्ता आणि वैयक्तिक ईमेल कळवा, कार्यालयाचा ईमेल बंद पडला की खात्याचा माग राहत नाही. मालकाचे ३ टक्के जमेला असल्यामुळे ही रक्कम बुडीत समजू नका.

प्रश्न : ‘तुमचा ४८६ पौंडांचा परतावा मंजूर झाला आहे, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला. खरा असेल का? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही. एचएमआरसी परताव्याची बातमी एसएमएसने किंवा ईमेलने देत नाही. लिंक उघडू नका, मेसेज ६०५९९ या क्रमांकावर पाठवून द्या आणि एचएमआरसीच्या पोर्टलवरच्या स्वतःच्या खात्यात लॉग-इन करून बघा. परतावा असेल तर तो तिथे दिसेल.

याला जोडून एजंटांबद्दल. परतावा मागायला मध्यस्थाची गरज नसते, पी८५ आणि पी५० हे फॉर्म मोफत आहेत. एजंट घेतलाच तर त्याची टक्केवारी, किमान फी आणि तिच्यावरचा कर हे तिन्ही आकडे आधी लेखी घ्या. लहान परताव्यात किमान फीच निम्मी रक्कम खाऊन टाकते. पूर्वी काही एजंट परताव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर करून घेणाऱ्या कागदावर सही घेत आणि पुढच्या वर्षांचा परतावाही त्यांच्याकडे जाई. १५ मार्च २०२३ पासून कर खातं असे कागद मानत नाही. तरी कोणत्या कागदावर सही करतो आहोत ते वाचा.

प्रश्न : मी वर परतणाऱ्यांपैकीच एक, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलो. दोन वर्षं बाहेर होतो, त्यामुळे २०२५-२६ साठी भारतात अनिवासीच ना? ब्रिटनच्या पगारावर इथे कर नाही ना? — एक वाचक

उत्तर : दुर्दैवाने बहुधा आहे. इथे बरेच जण १८२ दिवसांवर विसंबून चुकतात. भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलात तर रहिवासी, हे खरं. पण दुसरी कसोटीही आहे : त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. नोकरीसाठी देश सोडण्याच्या वर्षी नागरिकाला ६० ऐवजी १८२ ची सवलत मिळते. कायमचं परत येण्याच्या वर्षी मिळत नाही. नोव्हेंबर ते मार्च तुम्ही जवळपास १४५ दिवस भारतात राहिलात आणि बाहेर जाण्यापूर्वी इथेच होतात, त्यामुळे रहिवासी ठरता. दोनच वर्षं बाहेर असल्यामुळे ‘रहिवासी पण सर्वसाधारण नव्हे’ हा दिलासाही सहसा लागू होत नाही. मग १ एप्रिल ते ऑक्टोबरचा ब्रिटनचा पगार भारताच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. त्या काळात ब्रिटनमध्येही रहिवासी असल्यामुळे दुहेरी रहिवासाचा प्रश्न उभा राहतो. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-ब्रिटन करारातली कसोटी लावायची असेल तर सनदी लेखापालाला सगळे कागद दाखवून लावा, अंदाजाने नको.

त्याच पगारावर ब्रिटनमध्ये भरलेल्या कराची वजावट मिळते, दोन्ही देशांतला कमी असेल तेवढी. इथे परताव्याचा थेट संबंध येतो. वर दिलेलं उदाहरण तुमचंच असेल तर पी४५ वर २,७३३.५० दिसेल, पण १,०४७.५० परत मिळाल्यावर खरा भरलेला कर १,६८६ आहे. वजावट त्याच आकड्यावर मागायची. आधी मोठ्या आकड्यावर मागितली आणि परतावा नंतर आला तर विवरणपत्र सुधारा. नॅशनल इन्शुरन्स हा आयकर नव्हे, त्याची वजावट नाही.

वजावटीसाठी फॉर्म ६७ भरावा लागतो, २०२५-२६ साठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. पुरावा म्हणून पगारपत्रकं, पी४५ आणि परताव्याचा हिशेब जोडा. रुपयांत रूपांतर करताना पगारासाठी स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा लावतात : जूनच्या पगाराला ३१ मेचा. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला आणि भारताचं १ एप्रिलला सुरू होत असल्यामुळे पी६० चा, म्हणजे मालकाने दिलेल्या ब्रिटिश करवर्षाच्या पगार-कर दाखल्याचा, एकूण आकडा जसाच्या तसा उचलू नका. महिन्यावार पगारपत्रकांवरून बेरीज करा.

आणि परताव्यासाठी चालू ठेवलेलं ते बँक खातं, तसंच पेन्शनचं खातं, सर्वसाधारण रहिवाशाला विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावं लागतं. शिल्लक शून्य असली तरी. तिथे हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो. २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार ही माहिती न दिल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला हा दंड नाही, पण नोंद करण्याचं बंधन तसंच आहे.

प्रश्न : पी६० हरवला, आणि एका जुन्या मालकाने पी४५ दिलाच नाही. — एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : पी६० दर ३१ मे पर्यंत त्या ५ एप्रिलला नोकरीत असलेल्यांना मिळतो, आणि मालक दुसरी प्रत देऊ शकतो. पी४५ ची दुसरी प्रत निघत नाही, पण आधी दिलाच नसेल तर ईमेलने मागा आणि नोकरी संपल्याची तारीख त्यात लिहा. दोन्ही मिळाले नाहीत तरी अडत नाही. कर खात्यातल्या तुमच्या ऑनलाइन खात्यात प्रत्येक मालकाने कळवलेला पगार आणि कर दिसतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, शेवटचं पगारपत्रक आणि मालकाचा पीएवायई (पगारातून कर कापण्याची व्यवस्था) संदर्भ क्रमांक हाताशी असला की त्यावरून परताव्याचा अर्ज करता येतो. कंपनीचं पगाराचं पोर्टल नोकरी सुटली की काही दिवसांत बंद होतं, म्हणून सगळी पगारपत्रकं शेवटच्या दिवसाच्या आधीच उतरवून घ्या.